घरच्या माणसाचा प्रश्न

“सर, पोहण्याच्या तलावात कुणी शू केली, तर केमिस्ट्रीला कळतं का?”

प्रश्न विचारला मी. कॉलेजच्या प्रयोगशाळेत, ताईच्या सरांसमोर, हात पाठीमागे बांधून आणि आवाज खणखणीत ठेवून. डोकं मात्र बेडकीचं. बेडकी आणि लांबडी या माझ्या पोहण्याच्या रिले टीममधल्या मैत्रिणी. आदल्या दिवशी कपडे बदलायच्या खोलीत दोघींनी मला घेरलं होतं. “टिटवी, एवढी बोलतेस ना, मग सरांना हे विचारून दाखव. नाही विचारलंस, तर रविवारच्या स्पर्धेपर्यंत सगळ्यांचे ओले टॉवेल तू पिळायचे.”

गेल्या वर्षापर्यंत मी निमूटपणे टॉवेल पिळले असते. हजेरीला मी इतक्या हळू ‘हजर’ म्हणायचे की बाई मला गैरहजर मांडून मोकळ्या व्हायच्या. मग रिलेत माझी निवड झाली, शेवटचा टप्पा माझ्याकडे आला आणि माझ्या गळ्यात कुणी भोंगा बसवला कोण जाणे! टिटवी हे नाव तेव्हापासूनचं. मला आवडतं.

प्रश्न संपला आणि मी ताईकडे पाहिलं. तिच्या कानांच्या पाळ्या लालबुंद झाल्या होत्या आणि बाकीचा चेहरा पांढराफटक. तेव्हा कुठे मला कळलं, आपण काय विचारून बसलो ते.

शाळेतली मुलगी कॉलेजच्या प्रयोगशाळेत काय करत होती, तेही सांगते. ताई बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला आहे, रसायनशास्त्र घेऊन. या वर्षी प्रत्येकाला संशोधनाचा एक प्रोजेक्ट करावा लागतो आणि विषय मंजूर करतात थेंबसर. “एका थेंबाने काय फरक पडतो?” असं कुणी म्हणालं की ते त्याला अख्खा प्रयोग पुन्हा करायला लावतात, म्हणून थेंबसर. विषय मंजूर करायची त्यांची एक रीत आहे. मुलाने किंवा मुलीने घरचं एक माणूस घेऊन यायचं. त्या माणसाला केमिस्ट्री येत नसली पाहिजे. त्याच्यासमोर आपला विषय सांगायचा. ऐकून त्या माणसाला स्वतःचा असा एकही प्रश्न पडला नाही, तर सर म्हणतात, “विषयात जीव नाही,” आणि कागद परत.

ताईचे दोन विषय असे परत आले होते. पहिल्या वेळी ती आईला घेऊन गेली. आई गाडी चालवायला शिकवते, त्यामुळे घरातसुद्धा तिचा पाय कायम ब्रेकवर असतो. तिने सगळं ऐकून घेतलं आणि “छान आहे, पण जपून कर,” एवढंच म्हणाली. प्रश्न नाही, विषय गेला. दुसऱ्या वेळी मावशी गेली आणि तिने विचारलं, “चहा कुठे मिळेल?” तो प्रश्न सरांनी धरला नाही.

शुक्रवारपर्यंत विषय ठरला नाही, तर सर स्वतःच्या कपाटातून एक काढून देणार होते. कपाटातले विषय म्हणजे वर्षानुवर्षं केलेले, ज्यांची उत्तरं सगळ्यांना पाठ. असा प्रोजेक्ट करणाऱ्याला पुढे संशोधनाला जायचं असेल, तर सर शिफारस देत नाहीत. आणि ताईला जायचंच होतं. तिने हाताची नखं कुरतडून संपवली होती. जेवताना ती घास तोंडाजवळ नेऊन तसाच धरून बसायची.

तर हा तिसरा विषय होता लिंबाच्या रसाचा. रस उकळला की त्यातलं क जीवनसत्त्व किती कमी होतं, हे मोजायचं. आणि माझा प्रश्न ताईने आधीच पढवून ठेवला होता, “मग रस फ्रिजमध्ये ठेवला तर?” मी तो विचारलाही. अगदी भोळा चेहरा करून. सर माझ्याकडे चष्म्यावरून बघत म्हणाले, “हा तुझ्या ताईचा प्रश्न झाला. तुझा कुठला?”

म्हणून मी माझा विचारला. म्हणजे बेडकीचा.

सर रागावले नाहीत. ते हसलेही नाहीत, आणि त्याचीच मला जास्त भीती वाटली. त्यांनी हातातली काचेची नळी स्टँडला अडकवली आणि म्हणाले, “कळतं. कसं कळतं, ते तुझी ताई सांगेल.”

ताई स्वतःच्या चपलांकडे बघायला लागली.

“दुसऱ्या वर्षाला शिकवलंय मी. आठवत नाही?”

“आठवतंय, सर,” ताई म्हणाली. आवाज असा, की जुनी मी त्यापेक्षा मोठ्याने ‘हजर’ म्हणत असेन.

“मग लिंबू कशाला पिळत बसलीयस?” सरांनी कागद परत केला. “शुक्रवार.”

बसमध्ये ताईने खिडकीकडे तोंड केलं. मी म्हटलं, “सॉरी ना! पण ते रागावले नाहीत. आणि खरंच कळतं का गं?”

“तू गप्प बस.”

“नाही कळत ना?”

“कळतं, म्हटलं ना त्यांनी!” ताई फणकारली. मग आजूबाजूला बघून आवाज खाली आणत म्हणाली, “तलावाला जो वास येतो ना, डोळ्यांत चुरचुरणारा, तो कशाचा?”

“क्लोरीनचा. म्हणजे पाणी स्वच्छ आहे.”

“कोण म्हणालं?”

“बाबा.”

ताईने डोळे मिटून घेतले. “तो नुसत्या क्लोरीनचा नाही. क्लोरीनला पाण्यात घाम मिळतो, शू मिळते. त्यांच्याशी तो चिकटतो आणि त्यातून दुसरंच काहीतरी तयार होतं. वास त्याचा. तेच डोळ्यांना झोंबतं, त्यानेच खोकला येतो. आणि चिकटलेला क्लोरीन जंतू मारायला जवळजवळ कुचकामी. मोकळा असेल तोच कामाचा. म्हणजे वास जास्त तेव्हा पाणी स्वच्छ नसतं. उलट त्याला आणखी क्लोरीन हवा असतो.”

मी तोंड उघडलं आणि, गळ्यात भोंगा बसल्यापासून प्रथमच, काही न बोलता मिटलं. कारण आमच्या गावच्या तलावाचं पाणी सांभाळतात ते आमचे बाबा.

पंप, गाळण्या, क्लोरीनचे डबे, सगळं त्यांच्याकडे. तलाव उघडायच्या आधी ते काठावर उकिडवे बसतात, छोट्या नळीत पाणी घेतात, पिवळ्या बाटलीतले थेंब टाकतात आणि रंग डब्यावरच्या पट्टीशी जुळवून बघतात. मग नाक वर करून एक मोठा श्वास घेतात. “पट्टी सांगते ते पट्टीचं. माझं नाक सांगतं ते माझं,” असं त्यांचं म्हणणं. आणि वास फार झाला, लोक कुरकुर करायला लागले, की ते डोस कमी करतात.

“म्हणजे बाबा उलटं करतात?” मी विचारलं.

“मी असं म्हटलं का?”

“पण तसंच ना?”

“त्यांच्या थेंबांना मोकळा आणि चिकटलेला वेगवेगळा कळतच नाही. दोन्हींची बेरीज दिसते. पट्टीवर रंग बरोबरच येणार. त्यांची चूक नाहीये, कळलं?” ताईने माझं मनगट घट्ट धरलं. “आणि तू घरी एक शब्द बोलणार नाहीस. नवीन मॅनेजरबाई आल्यात. मुलांचे डोळे लाल होतात म्हणून तक्रारी आहेत आणि त्या खापर फोडायला डोकं शोधतायत. मी तलावाचं पाणी मोजून कागदावर मांडलं, तर ते डोकं कुणाचं असेल?”

आता मला कळलं, दुसऱ्या वर्षापासून चांगला विषय हाताशी असताना ताई लिंबं का पिळत होती.

त्याच संध्याकाळी जेवायला बसल्यावर बाबा म्हणाले, “मॅनेजरबाईंनी आज बजावलं. रविवारी बाहेरगावच्या टीम येणार. वास अजिबात नको. उद्यापासून डोस निम्म्यावर आणतो.”

ताईच्या हातून चमचा पडला.

“काय झालं?” आईने विचारलं.

“काही नाही. निसटला.”

“हिला बरं नाहीये,” आई म्हणाली. “त्या विषयाच्या पायी वाळत चाललीय पोरगी. घे ना सरांच्या कपाटातला एखादा आणि हो मोकळी.”

“घेईन,” ताई म्हणाली.

मी टेबलाखालून तिच्या पायावर पाय दिला. तिने माझ्या पायावर त्याहून जोरात दिला. बाबा म्हणाले, “आज टिटवीचा आवाज बसला का? तब्येत दोघींची बिघडलेली दिसते.”

बुधवारी डोस निम्मा झाला. गुरुवारी सकाळच्या सरावाला मी दारातून आत शिरले, तर वास आधीपेक्षा उग्र. पोहण्याचा चष्मा लावूनही डोळ्यांतून पाणी. दुसऱ्या फेरीत बेडकी काठाला धरून खोकायला लागली, आणि तो खोकला काही थांबेना. बेडकी म्हणजे पाण्याखाली बसून गाणं म्हणणारी मुलगी! लांबडी तिची पाठ चोळत माझ्याकडे बघून म्हणाली, “सांग तुझ्या बाबांना, आज काय मिरची टाकलीय का?”

ती गमतीत म्हणाली होती. मला मात्र हसू आलं नाही. मी पलीकडे पाहिलं. बाबा काठावर बसून नळी उजेडात धरून बघत होते. मग त्यांनी नाक वर करून श्वास घेतला आणि त्यांच्या कपाळावर आठ्या पडल्या. पट्टी एक सांगत होती, नाक दुसरंच. त्यांनी पुन्हा नळी भरली, पुन्हा थेंब टाकले. असं दोनदोनदा तपासताना मी बाबांना कधी पाहिलं नव्हतं.

मॅनेजरबाई वरच्या गॅलरीतून बघत होत्या. तोंडावर रुमाल धरून.

आता नुसतं बघत राहणं मला जमेना. मी पाण्यातून बाहेर आले, दप्तरातली पाण्याची बाटली रिकामी केली आणि कोपरापर्यंत हात बुडवून तलावाच्या पाण्याने तोंडोतोंड भरली. वर मोजा चढवला, कारण ऊन लागलं की क्लोरीन उडून जातो, हे बसमध्ये ताईकडून वदवून घेतलं होतं. मग ओल्या केसांनी सायकल दामटत कॉलेजवर. शाळेला अजून वेळ होता.

ताई मला बघून उडालीच. “अगं ए! कुणी सांगितलं तुला?”

“बेडकी खोकतेय,” मी म्हटलं. “थांबतच नाहीये. तू मोज. कागदावर लिहू नकोस हवं तर. नुसतं मोज.”

तिने बाटलीकडे पाहिलं, दाराकडे पाहिलं, आणि मग मुकाट्याने पांढरा कोट चढवला.

मी टेबलाच्या कडेला हनुवटी टेकून बघत होते. ताईने चंचुपात्रात तलावाचं पाणी मोजून घेतलं, त्यात दोन द्रव टाकले. पाणी गुलाबी झालं. गुलाबी म्हणजे काय, लाजेपुरतं.

“हा मोकळा,” ताई पुटपुटली. वरच्या काचेच्या उभ्या नळीतून तिने एकेक थेंब सोडायला सुरुवात केली. थेंब जेवढे जास्त लागतील तेवढा क्लोरीन जास्त. पहिले काही थेंब पडले आणि गुलाबी गायब.

“संपला? एवढाच?”

“एवढाच.” ताईने वरची नळी बंद केली. तिने एका पुडीतून चिमूटभर पांढरे खडे आत टाकले आणि भांडं गोल फिरवलं.

गुलाबी परत आला. आणि नुसता परत आला नाही, गडद होऊन आला. सरबतासारखा. ताई थेंब सोडत राहिली, सोडत राहिली, आणि तो रंग जाता जाईना.

“हा चिकटलेला,” ती म्हणाली.

तेवढ्यात मागून आवाज आला, “पाणी कुठलं?”

थेंबसर! मी हनुवटी उचलून सरळ उभी राहिले. ताई नळीवरून नजर न हलवता म्हणाली, “अजून ठरलं नाही, सर.”

सरांनी माझ्या ओल्या केसांकडे पाहिलं. बाटलीवरच्या मोज्याकडे पाहिलं. “ठरव,” म्हणाले आणि निघून गेले.

ताईने भांडं खाली ठेवलं आणि ती स्टुलावर बसून रडायला लागली. “मी काय करू गं? सांगितलं तर बाबांची मान खाली. नाही सांगितलं तर रविवारी तुम्ही सगळ्या त्या पाण्यात.”

“तू बाबांना सांगतेस की मी सांगू?”

“तू नको! तू सांगितलंस तर चार गल्ल्यांना ऐकू जाईल.”

“मग तू सांग.”

संध्याकाळपर्यंत माझा जीव थाऱ्यावर नव्हता. शाळेत काय शिकवलं विचाराल तर देवाशपथ आठवत नाही.

बाबा आले तेच मान खाली घालून. बूट काढत आईला म्हणाले, “डोस निम्मा करूनही वास वाढला. बाई म्हणतात, जमत नसेल तर सांगा, दुसरा माणूस बघू.” मग ते खुर्चीत बसले.

मी ताईला कोपराने ढोसलं. ती उभी राहिली. बसली. पुन्हा उभी राहिली.

“बाबा, वास कमी करायला डोस वाढवायला लागेल.”

“काय?”

मग ताईने सांगितलं. आधी अडखळत, ओढणीचं टोक पिळत. पण चिकटलेल्या क्लोरीनपाशी आल्यावर तिचा आवाज एकदम सरळ झाला. गुलाबी रंग कसा गेला आणि कसा परत आला, तेही सांगितलं. बाबांकडे ती बघत नव्हती. आई मात्र बाबांकडेच बघत होती, आणि तिचा पाय खरोखर जमिनीवर दाबलेला मला दिसला.

बाबा उठले आणि आत गेले.

“झालं,” ताई कुजबुजली. “दुखावले ते.”

“थांब जरा,” आई म्हणाली. पण तिचाही चेहरा उतरला होता. आतून कपाट उघडल्याचा आवाज आला. मी खुर्चीची कड इतकी घट्ट धरली होती की बोटं दुखायला लागली.

बाबा बाहेर आले तेव्हा त्यांच्या हातात पाणी तपासायची त्यांची जुनी पेटी होती. त्यांनी ती टेबलावर, ताईच्या पुढ्यात ठेवली. पिवळी बाटली बाहेर काढली.

“मोठ्या सुट्टीच्या आधी आम्ही बंद तलावात क्लोरीनचा जोराचा डोस मारतो,” ते सावकाश म्हणाले. “सुट्टीनंतर उघडावं तर वास गायब. मला वाटायचं, पाण्याला विश्रांती मिळाली.”

“विश्रांती नाही, बाबा,” ताई म्हणाली. “जोराच्या डोसाने चिकटलेला सगळा तुटून जातो.”

“हं.” बाबांनी बाटली उजेडात धरली, रोज नळी धरतात तशी. “मग मला एक सांग. ही बाटली इतकी वर्षं मला जे दाखवत होती, त्यातलं कामाचं किती होतं? सकाळी किती, दुपारी किती, शाळेची मुलं येऊन गेल्यावर किती?”

ताईने मान वर केली. बघता बघता तिचा चेहरा उजळला. “माहीत नाही, बाबा. कुणीच मोजलेलं नाही.”

“मग मोजता येईल?”

“येईल. पण मॅनेजरबाई...”

“त्यांना उद्या सकाळी मीच सांगतो. लपवलं तर चोर ठरेन, सांगितलं तर कामाचा माणूस. शनिवारी तलाव बंद ठेवू आणि जोराचा डोस मारू.” ते थांबले. आवाज जरा खाली आला. “ऐकतील की नाही, माहीत नाही. नोकरीचं म्हणशील, तर भीती मलाही वाटतेय. पण पोरी खोकतायत ते मी डोळ्यांनी पाहिलंय ना.”

आई म्हणाली, “सकाळी मी येते बरोबर. बाहेर गाडीत बसेन.” आईने ब्रेकवरचा पाय काढल्याचं मी तेव्हा पाहिलं.

“आणि तुझा विषय?” बाबांनी ताईला विचारलं. “उद्या शुक्रवार ना?”

“उद्या घरचं माणूस न्यायचंय. दुपारी.” ताईने माझ्याकडे पाहिलं. सगळ्यांनीच पाहिलं.

खरं सांगते, मला जायचं होतं. सर मला ओळखायला लागले होते. बेडकी आणि लांबडीने आणखी एक प्रश्न तयार ठेवला होता, आणि तो तर पहिल्यापेक्षा भारी होता. पण आम्हा सगळ्यांत खरा प्रश्न कुणाला पडला होता, ते टेबलावर उघडंच होतं, त्या पिवळ्या बाटलीशेजारी.

मी खुर्चीवरून उठले, हात पाठीमागे बांधले आणि आवाज खणखणीत ठेवला.

“आई, बाबा, मी ठरवलंय. उद्या घरचं माणूस म्हणून मी जाणार नाही. बाबा जाणार. आणि बाबा, तिथे शू म्हणायला लाजू नका. सरांना चालतं.”